स्क्वॉशचा वर्ल्डकप भारताने जिंकला, मग ऑलिंपिक मेडलही पक्कं का? टीम स्पर्धांचं गणित समजून घ्या

१४ डिसेंबर २०२५ ला चेन्नईतल्या एक्स्प्रेस अव्हेन्यू मॉलमध्ये उभारलेल्या काचेच्या कोर्टवर भारताने हाँगकाँगला ३-० असं हरवलं आणि स्क्वॉशचा वर्ल्डकप जिंकला. हा कप जिंकणारा भारत हा आशियातला पहिला देश. सोशल मीडियावर लगेच तिरंग्याचे इमोजी, रील्स आणि 'विश्वविजेते' लिहिलेली पोस्टर्स फिरायला लागली.

त्याखालच्या कमेंट्समध्ये दोन प्रश्न सारखे दिसत होते. पहिला, स्क्वॉशचा वर्ल्डकप असतो, हे आम्हाला कधी कुणी सांगितलंच नाही! आणि दुसरा, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्क्वॉश पहिल्यांदाच खेळलं जाणार आहे, मग आपलं मेडल पक्कं समजायचं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं थोडं अवघड आहे, कारण टीम म्हणून जिंकणं आणि एकट्याने जिंकणं या स्क्वॉशमध्ये दोन वेगळ्या परीक्षा आहेत. चेन्नईत आपण पहिली परीक्षा पास झालोय. ऑलिंपिकमध्ये पेपर दुसराच येणार आहे.

चेन्नईत नेमकं काय झालं?

या वर्ल्डकपमध्ये १२ देश होते. भारताच्या टीममध्ये चौघं होते: जोश्ना चिनप्पा, अनाहत सिंग, अभय सिंग आणि वेलवन सेंथिलकुमार. म्हणजे दोन महिला, दोन पुरुष.

गटात भारताने स्वित्झर्लंड आणि ब्राझील या दोघांनाही ४-० ने हरवलं. क्वार्टर फायनलमध्ये दक्षिण आफ्रिका, सेमीफायनलमध्ये गतविजेता इजिप्त आणि फायनलमध्ये हाँगकाँग, या तिन्ही लढती ३-० ने जिंकल्या. थोडक्यात, पूर्ण स्पर्धेत भारताचा एकही खेळाडू एकही मॅच हरला नाही.

याच मॉलमध्ये २०२३ चा वर्ल्डकपही झाला होता. तेव्हा सेमीफायनलमध्ये मलेशियाने आपल्याला ०-३ ने घरी बसवलं होतं आणि कप इजिप्तने नेला होता. त्यामुळे चेन्नईकरांसाठी हा हिशेब चुकता करण्याचाही दिवस होता.

आणि हो, वर्ल्डकप आहे म्हणजे दर चार वर्षांनी ठरल्याप्रमाणे होतो, असं समजू नका. पहिला झाला १९९६ मध्ये मलेशियात. २०११ मध्ये चेन्नईत झाला आणि त्यानंतर थेट २०२३ उजाडलं. मधली तब्बल १२ वर्षं ही स्पर्धाच नव्हती. लोकांना ती माहीत नसण्यामागे त्यांच्या जनरल नॉलेजचा फारसा दोष नाही.

एकट्याच्या खेळात टीम कशी बनते?

स्क्वॉश म्हणजे चार भिंतींच्या आत, साधारण पावणेदहा मीटर लांब आणि साडेसहा मीटर रुंद जागेत दोघांनी खेळायचा खेळ. टेनिस-बॅडमिंटनसारखं मध्ये नेट नसतं. दोघंही एकाच बाजूला उभे राहून समोरच्या भिंतीवर आळीपाळीने बॉल मारतात. यात पासिंग नाही, पार्टनरही नाही. मग टीम कसली?

टीम बनते ती बेरजेतून. दोन देशांमधली एक लढत म्हणजे प्रत्यक्षात अनेक वेगवेगळ्या सिंगल्स मॅच. खेळाडूंची ताकदीनुसार क्रमवारी लावली जाते. तुमचा एक नंबरचा खेळाडू आमच्या एक नंबरशी, दोन नंबरचा दोन नंबरशी. जो देश जास्त मॅच जिंकेल तो पुढे जाईल.

वर्ल्डकपमध्ये दोन पुरुष आणि दोन महिला असल्यामुळे एका लढतीत चार मॅच असतात. २-२ अशी बरोबरी झाली तर कोणी जास्त गेम जिंकले ते मोजतात आणि तेही सारखे असतील तर पॉइंट्स. त्यामुळे हरणाऱ्या खेळाडूने ०-३ ऐवजी १-३ ने हरणं, यालाही किंमत असते. हरता हरता काढलेला तो एक गेम देशाला वाचवू शकतो. सिंगल्स स्पर्धेत याला शून्य किंमत, कारण तिथे हरला की बॅग भरायची.

आता भारताच्या शेवटच्या दोन लढती या नजरेने पाहा. इजिप्तविरुद्ध वेलवन, अनाहत आणि अभय जिंकले. ३-० झालं, त्यामुळे जोश्नाला कोर्टवर उतरायची गरजच पडली नाही. फायनलमध्ये जोश्ना, अभय आणि अनाहत जिंकले आणि बाहेर बसून राहिला वेलवन. म्हणजे एका लढतीत ज्याने पहिली मॅच जिंकून दिली, पुढच्या लढतीत त्याच्याशिवायही काम झालं. टीम स्पर्धेत खोली असणं म्हणतात ते हेच.

वर्ल्डकप, वर्ल्ड टीम चॅम्पियनशिप, एशियन गेम्स: गोंधळ कुठे होतो?

स्क्वॉशमध्ये देशांच्या टीम स्पर्धा एकापेक्षा जास्त आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची सर्रास सरमिसळ होते. म्हणून एकदा नीट लावून घेऊ.

१. वर्ल्ड टीम चॅम्पियनशिप: ही सगळ्यात जुनी आणि प्रतिष्ठेची. पुरुषांची १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झाली, महिलांची १९७९ पासून. पुरुष आणि महिलांच्या टीम वेगळ्या असतात. एका लढतीत तीन मॅच आणि प्रत्येक गेम ११ पॉइंट्सचा. डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही स्पर्धा हाँगकाँगला झाल्या आणि दोन्ही इजिप्तने जिंकल्या. भारत आजवर यातल्या एकाही फायनलमध्ये पोहोचलेला नाही.

२. वर्ल्डकप: आपण आत्ता जिंकली ती ही मिक्स्ड टीम स्पर्धा. यात पुरुष आणि महिला एकाच टीममधून खेळतात आणि गेम फक्त ७ पॉइंट्सचा असतो.

३. एशियन गेम्स: स्क्वॉश इथे १९९८ मध्ये आलं, टीम इव्हेंट २०१० मध्ये. भारताच्या पुरुष टीमने २०१४ मध्ये इंचॉनला आणि २०२३ मध्ये हांगझूला गोल्ड जिंकलं.

४. कॉमनवेल्थ गेम्स: इथे सिंगल्स आणि डबल्स असतात, टीम इव्हेंट नसतो. २०२६ च्या ग्लासगो कॉमनवेल्थमधून तर खर्च कमी करण्याच्या नादात स्क्वॉशच वगळलं गेलं.

५. ऑलिंपिक: २०२८ मध्ये स्क्वॉश पहिल्यांदाच. पण फक्त सिंगल्स. १६ पुरुष, १६ महिला. टीम इव्हेंट नाही.

यादीतला पाचवा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

७ पॉइंट्सच्या गेमने काय बदलतं?

वर्ल्डकपची ही सगळ्यात मोठी गंमत आहे आणि त्यावर फार कमी बोललं जातं. नेहमीच्या प्रोफेशनल स्क्वॉशमध्ये गेम ११ पॉइंट्सचा असतो आणि जिंकायला दोन पॉइंट्सची आघाडी लागते. वर्ल्डकपमध्ये गेम ७ चा. ६-६ झालं तर पुढचा एक पॉइंट जो घेईल तो गेम जिंकेल. आघाडीबिघाडी काही नाही.

हिशेब करून पाहू. समजा, एक खेळाडू दुसऱ्यापेक्षा थोडा सरस आहे. दर १०० रॅलींपैकी ५५ तो जिंकतो, ४५ समोरचा. प्रत्येक रॅली मागच्या रॅलीपासून स्वतंत्र आहे असं धरलं, तर ११ पॉइंट्सच्या 'बेस्ट ऑफ फाइव्ह' मॅचमध्ये कमकुवत खेळाडू १०० पैकी साधारण १९ वेळा जिंकेल. तीच मॅच ७ पॉइंट्सच्या गेमने खेळवली, तर साधारण २५ वेळा.

१९ आणि २५ मधला फरक कागदावर छोटा दिसतो. पण याचा अर्थ असा की पाचातली एखादीच मॅच उलटी फिरणार होती, तिथे आता चारातली एक फिरू शकते. आणि एका लढतीत अशा चार मॅच असतात.

शिवाय अंगमेहनतीचा भाग आहेच. स्क्वॉशमध्ये एकेक रॅली तीस-चाळीस फटके चालू शकते. ११ चे पाच गेम खेळले तर मॅच तासाभराच्या पुढे सहज जाते. ७ चा गेम लवकर संपतो. दमसास कमी पडणाऱ्या पण हात आणि डोकं तल्लख असलेल्या खेळाडूला हा नियम मानवतो.

याचा अर्थ भारत नशिबाने जिंकला का? अजिबात नाही. नशिबाने एखादी मॅच जिंकता येते, ओळीने सगळ्या मॅच नाही. ७ चा नियम दोन्ही बाजूंना सारखाच होता आणि त्यात फसायची शक्यता आपल्यालाही तेवढीच होती. पण वर्ल्डकपमध्ये एखाद्या खेळाडूला हरवलं म्हणून ११ पॉइंट्सच्या मॅचमध्येही तोच निकाल लागेल, असं गृहीत धरता येत नाही, एवढं मात्र खरं.

३९ वर्षांची जोश्ना आणि १७ वर्षांची अनाहत

फायनलची पहिली मॅच जोश्नाची होती, ली का यी विरुद्ध. ली जागतिक क्रमवारीत ३७ वी, जोश्ना ७९ वी. पहिला गेम जोश्नाने ७-३ ने घेतला, दुसरा २-७ ने गमावला, तिसरा ७-५ ने खेचून आणला आणि चौथा ७-१ ने संपवला.

७९ हा आकडा फसवा आहे. जोश्ना एकेकाळी जगातल्या पहिल्या दहात होती. भुवनेश्वरी कुमारी यांचा १६ राष्ट्रीय विजेतेपदांचा विक्रम तिने मोडलाय. क्रमवारी ही वर्षभर किती स्पर्धा खेळलात आणि किती पुढे गेलात यावरून ठरते. पण एका संध्याकाळी, चार गेमसाठी, घरच्या प्रेक्षकांसमोर कोण किती खेळू शकतं, हे क्रमवारीत लिहिलेलं नसतं. टीम स्पर्धा अशा अनुभवी खेळाडूंना आणखी एक संधी देतात. सिंगल्सचा मोठा ड्रॉ त्यांना एवढ्या सहज ती देत नाही.

दुसऱ्या टोकाला अनाहत सिंग. वय १७. २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये ती १४ व्या वर्षी भारताकडून उतरली होती. २०२५ मध्ये कैरोला झालेल्या वर्ल्ड ज्युनिअरमध्ये तिने ब्राँझ जिंकलं. फायनलची शेवटची मॅच तिने टोमॅटो हो विरुद्ध ७-२, ७-२, ७-५ अशी जिंकली. (हो, खेळाडूचं नाव खरंच टोमॅटो हो आहे आणि तिच्या खेळात हसण्यासारखं काही नाही.)

या दोघींमध्ये २२ वर्षांचं अंतर आहे. जोश्ना पुढच्या वर्ल्डकपला असेलच असं कुणी सांगू शकत नाही. म्हणजे ज्या टीमने कप जिंकला, तीच टीम टिकणार नाही. प्रश्न असा आहे की जोश्नाच्या जागी येणारी खेळाडू आपल्याकडे तयार आहे का? इजिप्तला हा प्रश्न पडत नाही आणि खरा फरक तिथेच आहे.

आपण इजिप्तला हरवलं, पण कोणत्या इजिप्तला?

सेमीफायनलमध्ये गतविजेत्या आणि अव्वल मानांकित इजिप्तला ३-० ने हरवणं ही स्पर्धेतली सगळ्यात मोठी बातमी होती. पण पूर्ण चित्र पाहायला हवं. २०२५ चे वैयक्तिक जगज्जेते मुस्तफा असल आणि नूर एल शेरबिनी, दोघंही इजिप्तचेच. ते या टीममध्ये नव्हते. इजिप्तने चेन्नईला पाठवली ती नवोदितांची टीम.

प्रोफेशनल खेळाडूचं पोट वर्षभराच्या सिंगल्स टूरवर चालतं. बक्षिसाचे पैसे आणि क्रमवारीचे पॉइंट्स तिथे असतात. कोणत्या स्पर्धेसाठी सर्वोत्तम चमू पाठवायचा आणि कुठे पुढच्या फळीला अनुभव द्यायचा, याची निवड प्रत्येक देश करतो. इजिप्तला ही निवड परवडते, कारण त्यांची दुसरी फळीसुद्धा अव्वल मानांकनाला पुरते. भारताने मात्र आपले आघाडीचे खेळाडू उतरवले होते.

म्हणून आपला विजय छोटा होतो का? मला नाही वाटत. समोर जी टीम आली तिला हरवणं एवढंच तुमच्या हातात असतं. मात्र 'भारताने इजिप्तची मक्तेदारी संपवली' अशी जी हेडलाइन फिरतेय, ती खरी नाही. अकरा पॉइंट्सच्या, पूर्ण ताकदीच्या वर्ल्ड टीम चॅम्पियनशिपमध्ये पुरुषांचं विजेतेपद २०१७, २०१९, २०२३ आणि २०२४ असं ओळीने इजिप्तकडेच गेलंय.

इजिप्त एवढा पुढे का? आणि पाकिस्तानचं काय झालं?

इजिप्तचं स्क्वॉश मुख्यतः कैरो आणि अलेक्झांड्रिया या दोन शहरांत एकवटलंय. मोठमोठे क्लब, प्रत्येक क्लबमध्ये अनेक कोर्ट आणि चॅम्पियन खेळाडू लहान मुलांच्या शेजारच्या कोर्टवर सराव करताना दिसतात. सरावाला जागतिक दर्जाचा जोडीदार हवा असेल तर विमानात बसावं लागत नाही. १९९६ मध्ये पिरॅमिडच्या पायथ्याशी काचेचं कोर्ट लावून स्पर्धा भरवली गेली. तिथे अहमद बराडा हा घरचा पोरगा फायनलपर्यंत पोहोचला आणि घराघरात पोचला. २००३ मध्ये अमर शबानाने वर्ल्ड ओपन जिंकली. त्यानंतर रांग लागली ती लागलीच.

ही रांग एवढी लांब आहे की काही जण दुसरीकडे गेले. माजी जगज्जेता मोहम्मद एल शोरबागी २०२२ पासून इंग्लंडकडून खेळायला लागला. तरीही २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी वर्ल्ड टीमच्या फायनलमध्ये इंग्लंडला हरवलं ते इजिप्तनेच.

आता पाकिस्तान. पेशावरजवळच्या नवाकिल्ली या एका गावातून आलेल्या खान घराण्यांनी अनेक दशकं स्क्वॉशवर राज्य केलं. हाशिम खानने १९५१ मध्ये ब्रिटिश ओपन जिंकली तेव्हापासून ते जहांगीर आणि जानशेर खानपर्यंत. पाकिस्तानने पुरुषांची वर्ल्ड टीम चॅम्पियनशिप सहा वेळा जिंकली. शेवटची १९९३ मध्ये. जानशेरने १९९७ मध्ये ब्रिटिश ओपन जिंकली, त्यानंतर एकाही पाकिस्तानी पुरुषाला ती जिंकता आलेली नाही.

एका-दोन घराण्यांतून, एकाच भागातून महान खेळाडू निघत राहिले. त्यांच्यानंतरची फळी उभी करणारी यंत्रणा मात्र तेवढी पसरली नाही. शिवाय हे साम्राज्य पुरुषांपुरतंच होतं. खेळाडू थांबले, तशी टीमही थांबली. टीमचे निकाल एखाद्या थर्मामीटरसारखे असतात. ते ताप दाखवतात, पण थोडे उशिरा. पाकिस्तान १९९३ मध्ये जगज्जेता होता, तेव्हा खालून झरा आटत चालला असेल असं कुणाला वाटलं असतं?

हांगझूची रात्र आणि मुंबईचा महेश माणगावकर

टीम स्पर्धा खेळाडूकडून काय मागते, हे समजून घ्यायचं तर ३० सप्टेंबर २०२३ ची एशियन गेम्सची फायनल आठवा. भारत विरुद्ध पाकिस्तान. गटात पाकिस्तानने आपल्याला हरवलं होतं.

पहिल्या मॅचमध्ये मुंबईचा महेश माणगावकर नासिर इक्बालकडून ०-३ ने हरला. मग सौरव घोषालने असीम खानला ३-० ने हरवलं. १-१. शेवटची मॅच अभय सिंग विरुद्ध नूर झमान. पाचव्या गेममध्ये झमान १०-८ ने पुढे. म्हणजे पाकिस्तानच्या हातात दोन मॅच पॉइंट, नव्हे, दोन गोल्ड पॉइंट. अभयने ओळीने चार पॉइंट्स घेतले आणि १२-१० ने गेम, मॅच आणि गोल्ड मेडल जिंकलं.

हेडलाइन अभयची झाली आणि ते बरोबरच आहे. पण माणगावकरकडे फक्त 'हरलेला खेळाडू' म्हणून पाहू नका. तो २०१४ च्या इंचॉन गोल्डच्या टीममध्येही होता. मेडल चौघांच्या गळ्यात सारखंच पडतं, जिंकलेल्याच्या, हरलेल्याच्या आणि बाकावर बसलेल्याच्याही. सौरव घोषालने २०२४ मध्ये प्रोफेशनल स्क्वॉश थांबवलं. त्याच्या रिकाम्या जागेवर अभय आणि वेलवन उभे राहिले, म्हणून चेन्नई घडलं.

मग ऑलिंपिकचं काय?

ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक मुंबईत भरली होती. क्रिकेटसोबत स्क्वॉशलाही २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला तो याच बैठकीत. वर्षानुवर्षं दार ठोठावणाऱ्या खेळाला अखेर आत घेतलं गेलं, तेही आपल्या शहरात.

पण आत घेताना फक्त सिंगल्स घेतलं. आता वरच्या यादीतला पाचवा मुद्दा आठवा. टीम नाही म्हणजे खोलीला किंमत नाही. जोश्ना हरली तरी अनाहत सांभाळून घेईल, ही सोय नाही. २-२ नंतर गेम मोजणं नाही. ११ पॉइंट्सच्या मॅच, एकामागून एक, आणि मेडलच्या वाटेवर इजिप्तचे तेच खेळाडू जे चेन्नईला आले नव्हते.

वर्ल्डकप जिंकला तेव्हा जागतिक क्रमवारीत पहिल्या दहात एकही भारतीय नव्हता. ऑलिंपिक मेडलसाठी आपल्याला चार चांगले खेळाडू नकोत, एक विलक्षण खेळाडू हवा आहे. आणि गंमत अशी की असा एक खेळाडू घडवायला आधी खूप सारे चांगले खेळाडू लागतात, ज्यांच्याशी खेळून तो रोज हरेल आणि मग एक दिवस हरायचं थांबेल. कैरोत ते होतं. आपल्याकडे?

चेन्नईच का? आणि आपल्याकडे का नाही?

जोश्ना, अभय, वेलवन. चौघांपैकी तिघं चेन्नईत घडलेले. अनाहत दिल्लीची. कोलकात्याचा सौरव घोषालही सरावासाठी चेन्नईलाच गेला होता. कारण तिथे स्क्वॉश अकादमी आहे, जिथे देशभरातून मुलं येऊन एकमेकांशी खेळू शकतात. छोट्या प्रमाणात का होईना, हे कैरोचंच मॉडेल आहे.

या वर्ल्डकपच्या अधिकृत नावातही तमिळनाडूच्या क्रीडा विकास प्राधिकरणाचं नाव होतं. म्हणजे खेळ मॉलमध्ये आणला, लोकांच्या वाटेत कोर्ट उभं केलं आणि त्यामागे राज्य सरकार उभं राहिलं. शॉपिंगला आलेला माणूस काचेपलीकडे थांबून मॅच बघतो, त्याचं पोर विचारतं, 'हे काय आहे?' खेळ असाच पसरतो.

महाराष्ट्रात स्क्वॉश नवं नाही. इंग्रजांच्या काळातल्या क्लब आणि जिमखान्यांमधून तो इथे रुजला. मार्च २०२५ मध्ये बॉम्बे जिमखान्यात झालेली इंडियन ओपन अनाहतनेच जिंकली होती. कोर्ट आहेत. क्लबमध्ये आहेत, मोठ्या शाळांमध्ये आहेत, टॉवरवाल्या सोसायट्यांमध्येही आहेत. पण बहुतेक ठिकाणी आत जायला मेंबरशिप लागते किंवा तिथे घर असावं लागतं. तुमच्या जवळचं, कुणीही तिकीट काढून खेळू शकेल असं स्क्वॉश कोर्ट कुठे आहे, हे आत्ता आठवून बघा. बहुतेकांना पटकन आठवणार नाही.

क्रिकेटला गल्ली पुरते, कबड्डीला मैदान पुरतं. स्क्वॉशला चार भिंती बांधाव्याच लागतात आणि त्या भिंती कोणाच्या मालकीच्या आहेत यावर खेळाडू कुठून येणार हे ठरतं. ज्या खेळाचं दारच एवढं अरुंद आहे, त्यातून रांग कशी बाहेर पडणार?

थोडक्यात काय?

चेन्नईचा विजय खरा आहे आणि त्याचा आनंद पुरेपूर घ्यायला हवा. पुरुष आणि महिला, दोन्हीकडे बरोबरीची ताकद असलेले देश जगात थोडेच आहेत, आणि भारत त्यात आहे हे या कपने दाखवलं.

त्याच वेळी तीन गोष्टी डोक्यात ठेवा. हा कप ७ पॉइंट्सच्या गेमचा होता. इजिप्तची पहिली फळी आली नव्हती. आणि ऑलिंपिकमध्ये टीमच नाही. त्यामुळे 'मेडल पक्कं' असं कोणी म्हटलं तर ती पोस्ट शेअर करायच्या आधी क्षणभर थांबा.

पुढे काय बघायचं, तेही सांगतो. एक, अनाहत जागतिक क्रमवारीत पहिल्या वीसमध्ये आणि मग पहिल्या दहात कधी पोहोचते. दोन, पुढच्या वर्ल्ड टीम चॅम्पियनशिपमध्ये, ११ पॉइंट्सच्या गेममध्ये, भारत कुठपर्यंत जातो. आणि तीन, जे कोणत्याच स्कोअरबोर्डवर दिसत नाही: चेन्नईचा कप बघून हट्ट धरणाऱ्या नाशिकच्या, सोलापूरच्या किंवा विरारच्या पोराला दुसऱ्या दिवशी हातात रॅकेट घेऊन जायला एखादं कोर्ट सापडतं का.

पहिल्या दोन गोष्टी खेळाडूंच्या हातात आहेत. तिसरी महापालिकांच्या, शाळांच्या आणि राज्य सरकारच्या. २०२८ नाही, पण २०३६ ची भारतीय टीम कशी असेल, हे या तिसऱ्या गोष्टीवर ठरेल.